एका नावाच्या दोन टाक्या

सिद्धलिंगअप्पांच्या टेबलाच्या खणात एक कागद दोन दिवसांपासून सहीची वाट बघत पडला होता. मजकूर तो केवढा, तीन ओळींचा. ‘लिंबखेडा माळवस्तीची टाकी नियमित भरते. तक्रारीची तपासणी केली असता तथ्य आढळले नाही. तक्रार निकाली काढावी.’ खाली ‘चालक’ असं छापून मोकळी जागा. तिथं सही पडली की माळवस्तीचं तोंड बंद. आणि तक्रार करणारीचं नाव होतं भागम्मा. अप्पांची थोरली बहीण.

झरीच्या पलीकडं पाच गावांची मिळून एक पाणीयोजना होती. तिच्या यंत्रखोलीत अप्पा चालक म्हणून बसत. प्रत्येक टाकीवर पाण्याची पातळी मोजणारी एक डबी लावलेली. डबी जे मोजेल ते अप्पांच्या पुढ्यातल्या पडद्यावर उमटायचं. टाकी भरली दिसली की अप्पा फोन करायचे आणि लिंबाजी व्हॉल्व्ह बंद करायचा. उतरली दिसली की उघडायचा. अप्पा सोमवारच्या शिवकीर्तनात टाळ धरून उभे राहणारे माणूस. जसं महाराजांच्या तोंडचं खोटं नसतं, तसंच पडद्यावरचंही खोटं नसतं, अशी त्यांची साधी श्रद्धा.

भांडण तिथूनच सुरू झालं होतं. दोन वर्षांपूर्वी भागम्मा माळावरून चालत आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “सिद्धू, टाकी अर्धी बी भरंना गेलीय. बाया बेजार झाल्यात.”

अप्पांनी पडदा दाखवला. “आक्का, ही बघ. महादेव टाकी. काठोकाठ हाय.”

“मंग तुझ्या पडद्याला म्हनावं, घागर घिऊन माळावर ये. बघ म्हनावं, भरती का.”

“यंत्र कशाला खोटं बोलंल?”

“म्हंजी मी बोलायलेय?”

अप्पा काही बोलले नाहीत. ते न बोलणंच भागम्माला लागलं. त्या दिवसापासून तिनं भावाच्या घरचं पाणी सोडलं. सोमवारी कीर्तनाला यायची, बायांच्या बाजूला बसायची, आरती झाली की भावाकडं न बघता चालू लागायची. टाळ वाजवता वाजवता अप्पांची नजर तिकडं जायची आणि ठेका चुकायचा. पखवाजवाला डोळे वटारायचा.

आता योजनेला आणखी चार गावं जोडायची होती, म्हणून परभणीहून वैजयंती आली. स्कूटी दाराशी लावून, तोंडाचा रुमाल सोडत तिनं हात जोडले, “शरणार्थ, अप्पा.”

“शरणार्थ, माय. महाराज बरे हायत ना?”

वैजयंती म्हणजे चारठाण्याच्या महांतेश महाराजांची लेक. महाराजांचं कीर्तन असलं की अप्पा वीस कोस जातील. त्यांची पोरगी कॉम्प्युटर शिकून आपल्या यंत्रखोलीत आली याचंच त्यांना कोण अप्रूप. त्यांनी खुर्ची गमछ्यानं पुसून दिली.

“अप्पा, नऊ गावांच्या सगळ्या फाइली हायत, वस्तीची बी,” तिनं लॅपटॉप उघडला. “त्या जोडून एक करायची. तेवढंच काम.”

“नऊ गावं एक करायची आन् तेवढंच म्हनतीस?” दारात बिडी विझवत लिंबाजी म्हणाला. “आमच्या गावात दोन भाऊ एक होईनात.”

अप्पांना ते टोचलं, पण ते हसल्यासारखं करून खुर्चीजवळ सरकले.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ना चित्र, ना रंग. वैजयंतीनं एक फाइल उघडून दाखवली. “ही नावांची फाइल. सगळ्यात वर मूळ. ते एकच असतं. त्याला फांद्या फुटतात, गावाची एक. गावाच्या फांदीला टाक्यांच्या फांद्या. टाकीच्या फांदीला पानं, पातळीचं एक, दाबाचं एक. आणि हे प्रत्येक पानापुढं आकडे दिसतात ना? ते यंत्रासाठी.”

“मंग नाव कशाला?”

“नाव आपल्यासाठी. यंत्राला महादेव कळत न्हाई, मारुती कळत न्हाई. आपण नाव घेतलं की ते झाडावर चढतं, मुळापासून फांदी-फांदीनं त्या पानाशी जातं, तिथला आकडा घेतं आणि त्या आकड्याच्या डबीला विचारतं, बाई, पाणी किती?”

अप्पा तोंडावर हात ठेवून बघत राहिले. रोज सकाळी हा पडदा चालू करताना आपण नुसतं बटण दाबतो असं त्यांना वाटायचं. त्या एका बटणापाठी एवढं झाड उभं आहे. एक मूळ, त्यातून सगळी गावं, सगळ्या टाक्या, सगळं पाणी. महांतेश महाराज सृष्टी कशी झाली ते सांगताना हात वर करून बोटं पसरतात, अगदी तसं. अप्पांच्या अंगावर काटा आला. त्यांनी नकळत चपला काढून बाजूला सारल्या.

“आन् एवढी झाडं एक कोन करनार? तू?”

“मी न्हाई. हे.” तिनं एक ओळ टाइप केली. “पीएमएनएसमर्ज.”

“अरारा,” लिंबाजी म्हणाला, “ह्ये नाव घेता घेता मानूस जायचं. जरा सोपं ठिवायचं की.”

“नाव अवघड हाय, पण गुणाचं हाय, लिंबाजी मामा. सगळ्या फाइली वाचतं, फांदीला फांदी लावतं आणि एक फाइल लिहून देतं.”

तिनं बटण दाबलं. लगेच एक ओळ उमटली. वैजयंती हसली. “बघा. जुनी एकत्र फाइल आधीच हाय म्हणतंय. तिच्यावर लिहिणार न्हाई. जबरदस्तीनं लिही असं आपण स्पष्ट सांगितलं तरच लिहिणार.”

“म्हंजी विचारल्याबिगर जुनं पुसत न्हाई?”

“न्हाई.”

“वा रं वा,” अप्पा म्हणाले. मानसापरीस शहाणं हाय, असंही म्हणाले. हे बोलताना आपण कुणाबद्दल बोलतोय ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

वैजयंतीनं जुनी फाइल तशीच राहू दिली, नव्या फाइलीला नवं नाव दिलं आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा एक ओळ आली. या खेपेला ती हसली नाही. वाकून तिनं ओळ वाचली, मग दोन फाइली शेजारी शेजारी उघडून बोट ठेवलं.

“अप्पा, हे इथं अडलंय. लिंबखेडा, महादेव, पातळी. नाव एक आणि आकडे दोन. गावाच्या फाइलीत मधला आकडा तीन हाय, माळवस्तीच्या फाइलीत सात. वस्ती त्याच ग्रामपंचायतीची, म्हणून तिची फाइल बी लिंबखेडा म्हणूनच सुरू होते. गावात महादेव टाकी हाय आणि माळावर बी महादेव टाकी हाय का?”

“हाय की,” लिंबाजी म्हणाला. “जिथं पिंड तिथं टाकी. आमच्याकडं टाकीला दुसरं नाव सुचतं कुनाला? त्या ठेकेदाराच्या मानसानं आमाला इचारलं, हिला काय म्हन्ता? आमी म्हनलं महादेवाची. माळावर गेला, थितं बी तेच सांगितलं.”

“मग दोन वर्षं हे चाललं कसं?” वैजयंती स्वतःशीच म्हणाली. “हे हत्यार तर एका नावाला दोन आकडे कधीच चालू देत न्हाई. एका आकड्याला दोन नावं असली तर एक वेळ चालवून घेतं. पण एका नावाखाली दोघं? त्यातला एक बुडणारच. अप्पा, पहिल्या वेळेला फाइली जोडल्या कुणी? हत्यारानं न्हाई जोडलेल्या ह्या.”

खोलीत पंखा फिरत होता. अप्पांच्या कानात तो वाजेनासा झाला.

“मी,” ते म्हणाले.

ठेकेदाराचा माणूस काम अर्धवट टाकून निघून गेला होता. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, सगळ्या फाइलींतल्या ओळी एकाखाली एक चिकटवा, झालं. अप्पांनी दोन दिवस खपून एकेक ओळ हातानं चिकटवली. सगळं जमलं, पण यंत्र चालू होईना. तेव्हा त्यांना दिसलं, महादेव दोनदा आलाय. त्यांना स्पष्ट आठवत होतं, आपण हात जोडले होते. लिहिणाऱ्याच्या हातून देवाचं नाव चुकून दोनदा पडलं असणार; महादेव कुठं दोन असतात? शिव एकच. त्यांनी खालची ओळ पुसली; गाव आणि माळ, दोन्हीकडचं पाणी त्या एकाच नावाखाली दिसतं असं धरून चालले. यंत्र चालू झालं. आपल्या भोळ्या भक्तीनंच ही गाठ सुटली म्हणून त्या दिवशी त्यांनी देवळात नारळ फोडला होता.

पुसलेली ती खालची ओळ म्हणजे माळवस्ती.

“म्हंजी मी आक्काची टाकी…” अप्पा पडद्याशी वाकले.

वैजयंतीनं हळूच विचारलं, “बघायची का? नाव पुसलं असलं तरी आकडा हाय. डबी चालू असंल तर बोलंल.”

तिनं नाव न घेता नुसता आकडा दिला. क्षणभर पडदा थांबला आणि उत्तर आलं. अडतीस टक्के. दहा सेकंदांनी पुन्हा, अडतीस. पुन्हा, सदतीस.

“कुनीतरी भरायलंय,” लिंबाजी म्हणाला. “ह्या वक्ताला केशरबाई येती घागर घिऊन.”

अप्पा त्या आकड्याकडं बघत राहिले. माळावरच्या उन्हात, कुणी ऐकत नसताना, ती डबी दोन वर्षं बोलत होती. दर दहा सेकंदाला, न थकता, न रागावता. पाणी कमी आहे. पाणी कमी आहे. इकडं तिला नावच नव्हतं, म्हणून तिला कुणी हाक मारली नाही. गावची टाकी भरली की पडद्यावर महादेव भरलेला दिसायचा आणि अप्पांच्या फोनवर लिंबाजी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह फिरवून मोकळा व्हायचा.

त्यांना महिनाभरापूर्वीचं कीर्तन आठवलं. महांतेश महाराज सांगत होते: दारात उभी राहून आई ‘बाळा’ म्हणून हाक मारते. आतून दोन लेकरं पळत येतात. आई एकाला म्हणती का, तू जा माघारी, मी एकदाच हाक मारली? सगळा मंडप हेलावला होता. टाळ धरलेल्या अप्पांच्या गालावरून पाणी ओघळलं होतं. पण तेव्हा त्यांना वाटलं होतं, ही गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे.

तेवढ्यात आबासाहेब आले. पाणीसमितीचे अध्यक्ष. पांढरा सदरा, खिशाला पेन. “काय अप्पा, झाली का सही? चारला बैठक हाय. ती तकरार एकदाची मिटवू.”

अप्पांनी खणातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. “आबासाहेब, तकरार खरी हाय. माळाची टाकी भरत न्हाई. मी तिचं नाव पुसलं व्हतं.”

सगळं ऐकून घ्यायला आबासाहेबांना पाच मिनिटं लागली. मग ते खुर्चीवर टेकले, आवाज उतरवला. “बरं. झालं ते झालं. ही पोरगी दुरुस्त करती हाय ना? मंग उद्यापासून टाकी भरंल. तुमी आज सही करा. गवगवा कशाला? मार्चमधी तुमची मुदत वाढवायचीय मला. लोक इचारले तर म्हनू, यंत्रात बिघाड व्हता.”

लिंबाजी बाहेर बघू लागला. वैजयंतीनं बोटं कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवली.

अप्पांनी मान हलवली. “यंत्राला काय बोल लावता, आबासाहेब? ह्या यंत्रानंच तर अडीवलं. ते म्हनलं, एका नावाखाली दोघं हायत, मी एकाला बुडीवनार न्हाई. ते अजान हाय, त्याला ना बहीन ना भाऊ. मला तर बहीन हाय. ती दारात उभी राहून सांगत व्हती, आन् मी पडदा दाखीवला.”

“अवो, पन नोकरी…”

“जाऊ द्या गेली तर. टाळ तर कुनी काढून घेत न्हाई ना.”

त्यांनी पेन मागितलं, आबासाहेबांच्याच खिशातलं. छापलेल्या तीन ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘तक्रार खरी आहे. चूक माझी.’ मग सही केली. आबासाहेबांनी कागद उचलला, दोनदा वाचला, पेन परत घेतलं. “तुमी कीर्तनवाले लय अवघड मानसं,” ते पुटपुटले. पण कागद त्यांनी फाडला नाही; घडी घालून खिशात ठेवला.

वैजयंती म्हणाली, “अप्पा, आता दोन्हीला येगळी नावं लागतील. काय लिहू? महादेव एक आणि महादेव दोन?”

“थांब माय. मागच्या खेपंला कुनाला न इचारता पुसलं. आता न इचारता लिवायचं न्हाई. ज्याचं नाव त्याला इचारून येतो.”

लिंबाजीच्या मोटारसायकलवर मागं बसून ते माळावर गेले. सोयाबीन निघालेली रानं, उन्हात चमकणारी काळी माती. वस्तीच्या टोकाला महादेवाची घुमटी आणि तिच्या शेजारी सिमेंटची टाकी. टाकीच्या सावलीला भागम्मा डाळ पाखडत बसली होती. भावाला बघून तिनं सुपावरून नजर काढली नाही.

“कागदावर अंगठा पायजे का माझा बी?”

“न्हाई, आक्का.” अप्पा उभेच राहिले. गाडीवर त्यांनी चार वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना. “टाकी भरत न्हाई. तू खरं बोलत व्हतीस. माझ्या पडद्यात तुझी टाकीच नव्हती. मीच पुसली व्हती. देव दोन कसे म्हनून.”

सूप थांबलं.

“म्हंजी दोन वरीस तू गावच्या टाकीला बघून मला खोटी म्हनत व्हतास?”

“व्हय.”

“आन् महादेवाच्या नावानं?”

“व्हय, आक्का.”

भागम्मानं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “लहानपनी बी तू असाच. माय दोन लाडू ठिवायची, तू म्हनायचास ह्यो एकच हाय, आन् खाऊन टाकायचास.”

लिंबाजी फस्सकन हसला आणि लगेच तोंड दाबलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तेही हसले.

“नाव इचारायला आलोय,” ते म्हणाले. “पडद्यात नावांचं झाड असतं, गावाची एक फांदी. लिंबखेड्याच्या एका फांदीवर दोन्हीला महादेव चालत न्हाई. तुमच्या टाकीला काय म्हनायचं ते तुमी सांगा.”

घागरी घेऊन आलेल्या बाया जमल्या. केशरबाई म्हणाली, माळाची टाकी म्हना. एक म्हणाली, बेलाची टाकी. भागम्मानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “महादेव सोडायचा न्हाई. देवानं काय केलंय? तुझ्या त्या झाडाला लिंबखेड्याची फांदी हाय म्हनतूस ना? तिला आमच्या माळवस्तीची एक फांदी फोड. तिच्यावर आमचा महादेव बसव. देव त्योच ऱ्हाऊ दे. आमचा पत्ता तेवढा लिव.”

अप्पा तिच्याकडं बघतच राहिले. शाळेचं तोंड न बघितलेली ही बाई, आणि मघाशी काळ्या पडद्यावर बघितलेलं झाड तिनं जसंच्या तसं हातात धरलं होतं. त्यांनी फोन लावला. “वैजयंती, लिव. लिंबखेडा. त्याच्या खाली माळवस्ती. त्याच्या खाली महादेव. त्याच्या खाली पातळी. आकडा सातवाला.”

पलीकडं कीबोर्डचा टकटकाट झाला. मग काहीच ऐकू येईना. बाया घागरी कमरेवर घेऊन तशाच उभ्या.

“काय म्हनालं?” अप्पांनी विचारलं.

“काहीच न्हाई, अप्पा.”

“म्हंजी?”

“सगळं बरोबर असलं की ते काहीच बोलत न्हाई. नऊ गावं जोडली आणि गप्प बसलं. फाइल तयार हाय. माळवस्ती दिसायलीय मला. चौतीस टक्के.”

अप्पांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. एवढं मोठं काम, नऊ गावांचं पाणी एका मुळाशी बांधायचं, आणि शेवटी एक अक्षरसुद्धा नाही. ना शाबासकी मागणं, ना ‘मी केलं’ म्हणणं. आयुष्यभर त्यांनी कीर्तनात ऐकलं होतं की खरी सेवा मुकी असते. ती अशी, फोनच्या त्या बाजूला, त्यांनी आज पहिल्यांदा ऐकली.

“लिंबाजी,” ते म्हणाले, “ह्यो व्हॉल्व्ह खोल. माळाचा. आन् मी सांगंस्तोवर बंद करू नको.”

माळाचा व्हॉल्व्ह वस्तीखालच्या पुलाजवळ होता; लिंबाजी तिकडं गेला. वीस मिनिटं बाया टाकीपाशीच थांबल्या. मग टाकीच्या पोटात आधी हवा खाकरली, एकदा, दोनदा. आणि पाणी पडू लागलं. भागम्मा उठली, टाकीच्या भिंतीला कान लावला. बायाही एकेक करून कान लावून उभ्या राहिल्या. अप्पांच्या फोनवर वैजयंती मोठ्यानं वाचत होती, “चाळीस… त्रेचाळीस… सत्तेचाळीस…” आणि भिंतीआडचं पाणी तेच सांगत होतं.

पन्नासच्या पुढं आकडा गेला तशी भागम्मा नळाखाली तांब्या धरून भरून आली. पहिलं पाणी गढूळ होतं. तिनं ते तुळशीला ओतलं, तांब्या विसळला, दुसऱ्यांदा भरला आणि भावापुढं धरला.

“घे. उन्हात आलायस.”

अप्पांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला.

“सगळं एकट्यानं पिऊ नको,” भागम्मा म्हणाली. “मी बी दोन वरसाची तहानेलीय.”